बालूची भाऊबंदकी

फॉन्टच्या यादीतली नावे सहसा कोणी वाचत बसत नाही. हवे तसे अक्षर दिसले की आपण ते उचलतो. ‘बालू’च्या यादीपाशी मात्र मी थबकलो, कारण ती लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी होती: गुजरातीसाठी बालू भाई, बंगालीसाठी बालू दा, ओडियासाठी बालू भाइना, गुरुमुखीसाठी बालू पाजी, उर्दूसाठी बालू भाईजान, मल्याळमसाठी बालू चेट्टन, तमिळसाठी बालू तंबी, तेलुगूसाठी बालू तम्मुडू, कन्नडसाठी बालू तम्मा. देवनागरीचा मात्र नुसताच बालू.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने २०१६च्या सुमारास हा जाडजूड, गुबगुबीत फॉन्ट सर्वांना मोफत खुला केला. नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचे. ते पुस्तक लिहिणारा किपलिंगही मुंबईतच, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, १८६५ साली जन्मला. (अस्वलाला भालू म्हणतात ते हिंदीत. मराठी अस्वलाला हे नाव जरा परकेच.)

नात्यांकडे नीट पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. भाइना, पाजी, चेट्टन हे थोरले. ‘दा’ तर दादाच. तंबी, तम्मुडू आणि तम्मा हे तिघे धाकटे. आता छपाईचा इतिहास उघडून पाहा. भारतीय लिपीत छापलेले पहिले पुस्तक तमिळ आहे. पोर्तुगीज जेझुइट हेन्रिक हेन्रिकेस याचे ‘तंबिरान वणक्कम्’ १५७८ साली कोल्लमला छापले गेले. बंगाली खिळ्यांनी छापलेले हॅलहेडचे व्याकरण हुगळीत निघाले ते १७७८ साली, म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी. मराठीचे कॅरीकृत व्याकरण श्रीरामपुरात छापले गेले तेव्हा १८०५ साल उजाडले होते. खिळ्यांच्या घरात तंबी हाच सगळ्यांत थोरला आहे!

मात्र ठळक, खट्याळ अक्षराच्या बाबतीत हे सगळेच भाऊ उशिरा जन्मले. रोमन लिपीला लठ्ठ अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मिळाली. जाहिराती आणि लॉटरीची पत्रके दुरून दिसायला हवी होती. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचे गोलमटोल ‘कूपर ब्लॅक’ १९२२चे. ते आजही दुकानांवर आणि टी-शर्टांवर दिसते. आपल्याकडे गरज नव्हती असे नाही, पण हिशेब जमत नव्हता. रोमनला शंभरेक खिळ्यांत भागते. देवनागरीला जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार धरून कित्येक शे लागतात, आणि प्रत्येक आकारासाठी ते सगळे पुन्हा घडवायचे. एवढा खर्च पुस्तकाच्या मजकुरासाठी कोणी करील, नुसत्या गंमतीसाठी कोण करणार?

ती गंमत मग हाताने होत राहिली. ट्रकच्या पाठीवर, सिनेमाच्या फलकावर, दुकानाच्या पाटीवर पेंटरच्या कुंचल्यातून हवी तेवढी जाड अक्षरे उतरली. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नाटकागणिक वेगळे अक्षर घडवले. शीर्षक वाचण्याआधीच नाटक विनोदी की गंभीर ते कळे. पण ते अक्षर त्या नाटकाचेच. त्यातली चार अक्षरे उचलून आपल्या गणेशोत्सवाचा फलक जुळवता येत नसे. माझ्या मते कुंचल्याची श्रीमंती आणि खिळ्यांची गरिबी यांतले हे अंतर आपल्या मुद्रणाच्या इतिहासात फार कमी बोलले गेले आहे.

संगणकाने धातूचा खर्च काढून टाकला; अक्षराची अडचण मात्र तशीच राहिली. रेघ जाड करत गेले की अक्षराच्या पोटातला पांढरा भाग आकसतो. देवनागरी आणि बंगाली शिरोरेषेला टांगलेल्या. तिथे रेषेवर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात. गुजरातीला शिरोरेषाच नाही. ओडियात अक्षराचे गोल डोके सारखेच दिसते आणि ओळख पटते ती खालच्या छोट्याशा भागावरून. कन्नड-तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा व्यंजनभाग खाली लोंबतो. म्हणून एकच जाडी सगळ्यांवर थापली तर काही लिप्या गुदमरतात. बालूत टोके गोलसर आहेत, वजन भरपूर आहे, पण प्रत्येक लिपीचे वळण तिचे तिचेच राहिले आहे. रोमनचे तुकडे कापून देवनागरी बनवलेली अक्षरे आपण पाहिलीच आहेत. त्यांच्याशी याची तुलना करून पाहावी.

मी बेंगळुरूत राहतो. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांच्या कपाटांवर कन्नड, तमिळ, हिंदी, मराठी अशा चिठ्ठ्या लावायच्या होत्या. पूर्वी अशा वेळी एक भाषा सुंदर दिसे आणि बाकीच्या तिच्या दारात उभ्या असल्यासारख्या वाटत. या वेळी चारही चिठ्ठ्या सारख्याच हसऱ्या दिसल्या. तरी एका तमिळ शेजारणीने विचारलेच, “तुमच्या बालूला नाते का नाही हो? तो काय घरमालक?”

उत्तर देणे मला जड गेले. त्यात कोणाचा हेतू शोधायला मी जाणार नाही. देवनागरीत हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी अशा अनेक भाषा राहतात, तेव्हा कोणाचा भाऊ घ्यायचा हा प्रश्न खराच आहे. पण बाकीच्यांनी आपापले नाते सांगावे आणि एकाने नुसते नाव सांगून बसावे, ही सवय आपल्याकडे फॉन्टपुरती नाही. पुढे ‘बालू २’ आला. त्यात सडपातळ ते लठ्ठ अशा पाच जाड्या झाल्या आणि तो छोट्या मजकुरालाही चालू लागला. नातेवाइकांची यादी तीच राहिली. शेजारणीला मी म्हटले, मराठीपुरता तरी ‘बालू भाऊ’ म्हणू या. ती म्हणाली, “थोरला की धाकटा, ते आधी ठरवा.”