स्नाइफेल्स योकुल : हिमशिखर आणि त्याच्या पायथ्याचे कोळी

आइसलंडच्या पश्चिमेस समुद्रात दूरवर शिरलेला एक चिंचोळा द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाशी १४४६ मीटर उंचीचा एक ज्वालामुखी उभा असून त्याच्या माथ्यावर बर्फाचा मुकुट आहे. हाच स्नाइफेल्स योकुल होय. हवा निवळ असली म्हणजे खाडीपलीकडच्या रेक्याविक शहरातून तो स्पष्ट दिसतो. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे १७५० वर्षांपूर्वी झाला. १७५४ साली एग्गर्ट ओलाफ्सन व ब्यार्नी पाल्सन या दोघा अभ्यासकांनी त्याचे शिखर गाठले. पुढे १८६४ मध्ये ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने आपल्या नायकांना याच पर्वताच्या मुखातून पृथ्वीच्या पोटात उतरविले आणि त्याचे नाव जगभर झाले. व्हर्नने आइसलंड कधी पाहिलेही नव्हते!

या पर्वताचा खरा इतिहास मात्र शिखरावर नाही; तो पायथ्याशी, लाव्ह्याच्या काळ्या खडकांत वसलेल्या ड्रिट्विक या बंदरात सापडतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत येथे दर हंगामास चाळीस ते साठ होड्या लागत आणि शेकडो माणसे दगडी खोपटांतून राहत. उघड्या होड्या वल्हवीत ती मासेमारीस जात. बंदरात गोडे पाणी नव्हते. ते शेजारच्या द्यूपालोन किनाऱ्यावरील तळ्यांतून आणावे लागे.

त्या किनाऱ्यावर चार गुळगुळीत धोंडे आजही पडलेले आहेत. त्यांची वजने २३, ५४, १०० आणि १५४ किलो. सर्वांत हलक्याचे नाव ‘निकामी’ अशा अर्थाचे, सर्वांत जड्याचे ‘पुरा बलवान’ अशा अर्थाचे. धोंडा उचलून कमरेइतक्या उंच खडकावर ठेवावयाचा, ही खलाशाची परीक्षा. ज्यास ५४ किलोचाही धोंडा हलेना, तो होडीस अयोग्य ठरे. ही परीक्षा निर्दय वाटते खरी. परंतु वादळात वल्हे सोडणारा एक दुबळा गडी साऱ्या होडीचा घात करू शकत होता, हेही विसरून चालणार नाही.

बळ असूनही समुद्र दरवेळी सोडतोच असे नाही. १९४८ च्या मार्च महिन्यात ‘एपाइन’ नावाची ग्रिम्सबीची इंग्रज मासेमारी बोट येथेच खडकांवर आदळली. १४ जण बुडाले, ५ वाचले. तिचे गंजलेले लोखंडी तुकडे काळ्या गोट्यांवर विखुरलेले आहेत आणि मृतांच्या स्मरणार्थ ते जसेच्या तसे राखले आहेत.

२००१ साली पर्वत आणि हा किनारा मिळून राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र तेव्हा अवघे १७० चौरस किलोमीटर होते. खोपटांचे अवशेष, धोंडे, लोखंड यांना कायद्याने अभय मिळाले. बर्फाला ते देणे कोणाच्याच हाती नव्हते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, ज्ञात इतिहासात प्रथमच, शिखराचा खडक उघडा पडला. या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील हिमनदी बहुतांशी नाहीशी होईल, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे.