आधी खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भातला शेतकरी बैलाला सजवत नाही. झूल, बेगड, गोंडे हे सगळे दुसऱ्या दिवसाचे. आदल्या संध्याकाळी असते ती खांदशेकणी. वर्षभर जू जिथे घासले त्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेक दिला जातो. ज्या जागेवर भार पडला तिची काळजी आधी, शोभा नंतर, असा हा क्रम आहे. जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार आयुष्यात पहिल्यांदा विकत घेणाऱ्याला नेमका हाच क्रम अवघड जातो. गाडी दारात उभी राहिली की त्याच्या मनात रुंद चाके, घुमणारा सायलेन्सर आणि वाढीव ताकद यांचे बेत सुरू होतात. रबरी नळ्या, ब्रेक ऑइल आणि रेडिएटर यांच्याकडे लक्ष जाते ते गाडी रस्त्यात बंद पडल्यावर. नागपूरसारख्या शहराने परदेशी यंत्रे कशी सांभाळली याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. दुसऱ्या हवेसाठी बनलेली गाडी इथल्या उन्हाशी, धुळीशी, पाण्याशी आणि इंधनाशी जुळवून घेणे हीच तिची पहिली आणि सर्वांत मोठी सुधारणा असते. ताकद वाढवण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

परदेशी यंत्र चालते ठेवण्याची विद्या नागपुरात मोटारीच्या आधीपासून होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस आसपासच्या काळ्या मातीतला होता, यंत्रे मात्र इंग्लंडहून आलेली. बोटीने येणाऱ्या सुट्या भागाची वाट पाहत साचे बंद ठेवणे कोणत्याही गिरणीला परवडणारे नव्हते. त्यामुळे तुटलेला दात भरणारा, झिजलेला बुश नव्याने कातणारा, नमुना पाहून भाग ओतणारा कारागीर ही त्या धंद्याची गरजच होती. पुढे मोतीबागेत अरुंद रुळांच्या रेल्वेचा कारखाना झाला आणि त्या गरजेला आणखी एक घर मिळाले. मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या मोटारमालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. मोटार ही श्रीमंतांची हौस म्हणून मुंबईत उतरली आणि तिथून मध्य प्रांतात आली, तेव्हा तिला लागणारे हात नागपुरात तयार होते. मोटारमिस्त्री हा गिरणीतल्या फिटरचा आणि रेल्वेतल्या लोहाराचा वारसदार आहे. त्याची विद्या कंपनीच्या पुस्तकातून कमी आणि लेथवरच्या अनुभवातून जास्त आलेली आहे, आणि पुढे जे घडले त्याचा उलगडा याच एका गोष्टीने होतो.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी म्हणून नागपुरात वरिष्ठ अधिकारी, नामांकित वकील, मँगनीज खाणींचे मालक आणि मालगुजार म्हणजे जमीनदार होते. शेजारी कामठीची छावणी होती. गाडी बाळगू शकेल असा हा वर्ग. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती आणि फोर्डही त्याच सुमारास मुंबईत आली होती. त्यामुळे अमेरिकी गाडी आणि तिचे सुटे भाग मिळणे स्वातंत्र्याआधी फारसे कठीण नव्हते. १९४९ मध्ये पूर्ण बांधलेल्या गाड्यांची आयात थांबली. १९५३ मध्ये, देशात गाडी बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी जोडणी बंद करावी असे धोरण ठरले आणि दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. नागपुरात याच सुमारास आणखी दोन घटना घडल्या. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपण गेले, मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला आणि विदर्भ मुंबई राज्यात. गाडी पोसणाऱ्या मालकांचे उत्पन्न घटले, अधिकारी गेले, नवी परदेशी गाडी येणे बंद झाले. अशा वेळी असलेल्या गाड्यांचे हात बदलणे ओघाने आलेच. वापरलेल्या परदेशी गाडीचा पहिल्यांदाच मालक होणारा मध्यमवर्गीय माणूस या तिहेरी बदलातून पुढे आला, असे मानायला सबळ आधार आहे. त्याच्यामागे कंपनी नव्हती, विक्रेता नव्हता, सुट्या भागांचे दुकानही नव्हते. त्याचा सगळा भरवसा मिस्त्रीवर होता.

त्या काळातली एखादी स्पोर्ट्‌स कार डोळ्यांसमोर आणली की या कामाचे स्वरूप कळते. एमजी कंपनीची टीसी १९४५ ते १९४९ या काळात बनली. १२५० सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, ५४ अश्वशक्ती आणि ॲश लाकडाच्या सांगाड्यावर बसवलेला पत्रा. तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक मापाचे, पण बोल्टची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. पान्यांचा चुकीचा संच घेऊन बसलेला नवा मालक पहिल्याच दिवशी बोल्टचे कोपरे गोल करून ठेवतो. शिवाय ही गाडी ज्या देशात बनली तिथले ऊन आणि नागपूरचा नवतपा यांची तुलनाच होऊ शकत नाही. मेअखेरीस पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा नळीतले पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप ती वाफ ढकलू शकत नाही. पंपावर ओले फडके ठेवणे हा त्यावरचा त्या वेळचा उपाय. बोअरिंगचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातल्याने नळ्यांत क्षार साचतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. कोरडी हवा रबर कडक करते, लाकडाच्या खाचा सैल करते. अशा गाडीचे इंजिन उघडून ताकद वाढवणे म्हणजे आधीच कमी पडणाऱ्या रेडिएटरवर आणखी उष्णता लादणे. त्याऐवजी रेडिएटरची जाळी उघडून साफ करणे, जादा पात्यांचा पंखा बसवणे, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर वळवणे ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत, पण गाडी त्यांच्यामुळेच नागपूरची होते. उन्हाळ्याआधी कूलरचा वाळा बदलणारे आणि पंप तपासणारे शहर हा विचार सहज समजू शकते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की ज्याला इथे स्थानिक विद्या म्हटले आहे तो निव्वळ जुगाड होता आणि त्यानेच अस्सल गाड्यांची वाट लावली. आक्षेपात तथ्य आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले तेव्हा देशभर मोठ्या अमेरिकी गाड्यांची मूळ इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. वजनाचा तोल बिघडला, चासीला तडे गेले, मूळ इंजिने भंगारात गेली. ते नुकसान आज भरून येणारे नाही. पण एकाच गॅरेजमध्ये दोन वेगळ्या जातींची कामे होत होती, हे लक्षात घेतले पाहिजे. सिलिंडरला बोअर मारून स्लीव्ह बसवणे, बेअरिंगवर व्हाइट मेटल नव्याने ओतणे, कमानपाटे भट्टीत तापवून पुन्हा वळवणे या कामांनी गाडीचे मूळ रूप टिकवले. डिझेल इंजिनाने ते पुसले. पहिल्या प्रकारात मिस्त्री गाडीला काय हवे ते विचारत होता, दुसऱ्यात मालकाच्या खिशाला काय परवडते ते. आजचा नवा मालक खिशाऐवजी हौसेला विचारतो, पण प्रश्न गाडीला न विचारण्याची चूक तीच आहे. सस्पेन्शनचे बुश फाटलेले असताना स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणारा तरुण आणि चासीचा विचार न करता डिझेल इंजिन बसवणारा जुना मालक हे एकाच वाटेने गेलेले दिसतात.

२००१ नंतर आयातीचे दार पुन्हा उघडले, पण अरुंद. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली हवी, मुंबई बंदरातूनच उतरवायला हवी आणि वर भरमसाट शुल्क. हे शुल्क किती होते ते सचिन तेंडुलकरला मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनामुळे महाराष्ट्राला घरोघरी कळले. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल मिळालेल्या त्या भेटीवर १ कोटी १३ लाख रुपयांच्या आसपास शुल्क बसत होते. शुल्कातल्या सवलतीवरून वाद न्यायालयात गेला आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यावसायिकाने ती गाडी घेतली, म्हणजे तीही वापरलेली गाडी झाली. आज नागपुरात येणाऱ्या बहुतेक परदेशी स्पोर्ट्‌स कार अशाच, मुंबई-पुणे-दिल्लीत पहिला मालक पाहून आलेल्या असतात. कमी किलोमीटर हे त्यांचे सर्वांत मोठे आकर्षण असते, आणि तिथेच नवा मालक फसतो. मोडेनासारख्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट किलोमीटरपेक्षा वर्षांवर बदलायचा असतो, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे लागते. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१४ लिहिले असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, मग त्याची नक्षी कितीही नवी दिसो.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आजची गाडी संगणकावर चालते, तेव्हा मिस्त्रीच्या हाताचा आणि कानाचा इतिहास काय कामाचा? स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक समोर येतो. परंतु तो क्रमांक लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. इंजिनात हवा जास्त येते असा संदेश आला तर दोष सेन्सरचा असेल किंवा उन्हाने चिरलेल्या एका स्वस्त रबरी नळीचाही असेल. सेन्सरमागून सेन्सर बदलत जाणारा मालक लाखभर रुपये घालवतो, धूर सोडून गळती शोधणारा मिस्त्री ती नळी शोधून काढतो. यंत्र बदलले तरी लक्षणावरून कारणापर्यंत जाण्याची रीत गिरणीच्या काळातलीच आहे. ताकद वाढवणाऱ्यांपुढे कायदाही उभा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. नळ्या, ब्रेक, बुश, टायर आणि शीतकरण यांची दुरुस्ती मात्र कोणताही कायदा अडवत नाही. कायद्याने मोकळी ठेवलेली जागा आणि गाडीची खरी गरज इथे एकच आहे.

तिसरा आक्षेप अस्सलपणाच्या कैवाऱ्यांचा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. मग इथल्या हवेसाठी केलेले बदल या मूळ रूपाला बाधक नाहीत का? उत्तर बदलाच्या स्वरूपात आहे. पत्रा न कापता, छिद्र न पाडता, बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा पंखा किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत मावणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे परत फिरवता येणारे बदल आहेत. काढलेला मूळ भाग पुसून, तेल लावून, नाव लिहून पेटीत ठेवला की पुढच्या मालकाचा हक्क शाबूत राहतो. जुन्या गाडीचा कोणताही मालक शेवटचा नसतो, आणि सुधारणेची मर्यादा याच जाणिवेने ठरायला हवी.

नागपूरच्या परदेशी गाडीपुढे आज दोन नव्या कसोट्या आहेत. नागपूरचेच खासदार असलेले नितीन गडकरी ज्या इथेनॉलचा अनेक वर्षे पुरस्कार करत आले, ते मिसळलेले २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि आता सर्रास मिळते. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या टाकीत गंज धरवते आणि जुन्या रबराला फुगवून मऊ करते. त्याला सोसणाऱ्या नळ्या बसवणे हे १९५० च्या दशकातल्या रेडिएटरच्या कामाचेच आजचे रूप आहे. दुसरी कसोटी ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने तासन्‌तास धावताना जुना टायर, मरगळलेला ब्रेक आणि क्षार धरलेला रेडिएटर या तिन्हींची एकदम परीक्षा होते. गाडीत ताकद आधीच मुबलक असते, कमतरता असते ती भार सोसण्याची. म्हणून पहिल्या वर्षाचा सगळा पैसा नळ्या, द्रव, बेल्ट, ब्रेक, बुश आणि टायर यांवर खर्च करणारा मालक हौस मारत नाही. तो या शहराच्या गिरण्यांत आणि गॅरेजांत घडलेल्या शहाणपणाला पुढच्या पिढीपर्यंत नेतो. झूल त्या गाडीलाही चढवावी, जरूर चढवावी, पण शेकून बऱ्या झालेल्या खांद्यावर.