घोंगडी, मेणकापड आणि पावसांतील वाट

उदगीरची लढाई १७६० सालच्या फेब्रुवारींत झाली, आणि ती हिवाळ्याच्या अखेरीस झाली यांत योगायोगाचा भाग थोडाच आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावें आणि मृग लागण्याच्या आंत छावणी गांठावी, असा मराठी फौजांचा सामान्य परिपाठ होता. बालाघाटाच्या माथ्यावर काय किंवा मांजरा-गोदावरीच्या कांठीं काय, काळी जमीन एकदां भिजली म्हणजे घोड्याचे खूर आणि तोफांचे गाडे दोन्ही रुतून बसत. फौज थांबे, पण सगळ्यांनाच थांबतां येत नसे. धनगराच्या मेंढरांना आषाढांतही चरावें लागे, वारकऱ्याला एकादशी गांठावी लागे, डाकेच्या हरकाऱ्याला थैली पुढच्या टप्प्यावर पोंचवावी लागे. नांदेड-लातूरकडील पावसाळी पोशाखाचा इतिहास म्हणजे या पायीं चालणाऱ्यांचा इतिहास होय. बखरकारांनीं त्याची दखल घेतली नाहीं; बखरकार बहुधा छपराखालीं बसून लिहीत.

या लोकांचें मुख्य साधन घोंगडी. मेंढ्या राखणें हें धनगरांचें काम, तर विणकाम बहुधा सणगरांचें. दख्खनी मेंढीची आंखूड, भरड, बहुतकरून काळी लोकर कातरून पिंजावयाची, बायकांनीं ती कांतावयाची, ताण्याला चिंचोक्यांची खळ द्यावयाची, आणि मग जमिनींतल्या खड्ड्यांत पाय सोडून मागावर विणावयाची, हा तिचा क्रम. नवी घोंगडी खळीमुळें ताठ असते व अंगाला टोंचते. दोन-चार पावसाळे खाल्ल्यावर तिचे धागे एकमेकांत मिसळून दाट होतात. जुनी घोंगडी नवीपेक्षां पावसांत अधिक टिकाव धरते, असा अनुभव आहे.

तिचें मर्म लोकरीच्या तंतूंत आहे. या तंतूच्या अंगावर बारीक खवले असतात व मेंढीच्या अंगचें मेण त्यांवर बसलेलें असतें. म्हणून पावसाचा थेंब वरच्यावर ठरतो आणि घरंगळून जातो. उलट त्याच तंतूचा गाभा हवेंतलें बाष्प शोषून घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकें बाष्प शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाहीं. शिवाय शोषतांना ती थोडी ऊब बाहेर टाकते. पाऊस बाहेर थोपवून धरावयाचा व अंगचा घाम बाहेर जाऊं द्यावयाचा, हीं दोन्ही कामें ती एकाच वेळीं करते. पांघरण्याची रीतही या गुणाला साजेशी होती. एका बाजूचे कोपरे जुळवून केलेली खोळ डोक्यावर घेतली कीं पाठ झांकते, समोरची बाजू मोकळी राहते आणि काठीचा हात अडत नाहीं.

ती पाणी अडविते असें मात्र कोणीं समजूं नये. श्रावणांत झड लागली, म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दिवस पावसानें उसंत दिली नाहीं, कीं घोंगडी हळूहळू भिजतेच, दुप्पट जड होते, आणि मग दोन दिवस वाळत नाहीं. परंतु भिजल्यावरही तिच्यांत हवा कोंडलेली राहते. ओल्या सुती धोतरासारखी ती अंगाला चिकटत नाहीं. चालणाऱ्या माणसाला पावसाचा खरा धोका चालतांना नसतो, मुक्कामाला टेंकल्यावर असतो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानें अंगाची उष्णता ओढून नेतें. ओल्या अंगानें उघड्या माळावर रात्र काढावयाची असेल तर अंगावर काय आहे यावर माणसाचा जीव अवलंबून राहतो, आणि मेंढपाळाला तशा रात्री एका पावसाळ्यांत कितीतरी काढाव्या लागत.

कोंकणांतलें इरलें इकडे कां रुजलें नाहीं, असें कोणी विचारील. तें वांकून भाताची लावणी करणाऱ्या पाठीसाठीं घडलेलें आहे. इकडे पेरणी तिफणीवर होते, आणि बालाघाटाच्या वाऱ्यांत इरलें सांवरण्यांतच माणसाचा दिवस जाईल.

घोंगडीहून हलक्या किंमतीची वस्तु म्हणजे पोतें. १८५५ सालीं कलकत्त्याजवळ रिश्रा येथें तागाची पहिली गिरणी निघाली. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोंचली आणि तेथील पेठेचा व्यापार वाढला. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यांत खोंचला कीं फुकटांत खोळ तयार होते. परंतु ताग पाणी पितो आणि ऊब देत नाहीं. निंदणी-खुरपणीच्या मजुरांनीं पिढ्यान् पिढ्या तें डोक्यावर घेतलें, तें आवडीनें नव्हे.

हरकाऱ्याच्या थैलीभोंवतीं मात्र मेणकापड गुंडाळीत. त्याच्या स्वतःच्या पाठीवर घोंगडीच असे. कागद भिजला तर शाई उतरते आणि माणूस भिजला तर वाळतो, असा कांहींसा हिशेब त्यांत असावा! पण मेणकापड थैलीला साजलें याचें दुसरेंही कारण आहे: थैलीला घाम येत नाहीं.

विलायतेनें पुढें हाच प्रयोग माणसावर केला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें १८२३ सालीं दोन कापडांच्यामध्यें रबराचा थर बसवून जलाभेद्य कापडाचें पेटंट घेतलें. तें उन्हांत चिकट होई व थंडींत कडक. चार्ल्स गुडइयरनें १८३९ मध्यें गंधकाच्या योगानें रबर पक्कें करण्याची युक्ति शोधली, तेव्हां हा दोष गेला. कलकत्त्यास सुरेंद्रमोहन बोस यांनीं १९२० सालीं बंगाल वॉटरप्रूफ वर्क्स काढून ‘डकबॅक’ हें नांव रूढ केलें. टांग्यांत बसणाऱ्या किंवा फलाटावर उभें राहणाऱ्या माणसाची रबरी कोटानें उत्तम सोय झाली. चालणाऱ्याची झाली नाहीं. चढावर मेहनत करणाऱ्याच्या अंगांतून तासाला अर्ध्या लिटरहून अधिक घाम निघूं शकतो. तो रबराच्या आंतच सांठतो, आणि पावसांतून कोरडा आलेला गृहस्थ आंतून चिंब निघतो. पुढें प्लास्टिकनें रबराची जागा घेतली. किंमत उतरली, पण घामाचा प्रश्न होता तेथेंच राहिला.

थॉमस बर्बरीनें १८७९ मध्यें सूत विणण्याआधींच जलरोधक करून घट्ट विणीचें गॅबर्डिन काढलें. घोंगडीचेंच तत्त्व तें, फक्त सुताच्या रूपांत. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांना ताणलेल्या टेफ्लॉनचा असा पापुद्रा साधला कीं त्याच्या छिद्रांतून बाष्प जातें, थेंब जात नाहीं. गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या महागड्या कोटांत आतां तोच असतो. तथापि बाष्प बाहेर पडावयाचें तर बाहेरची हवा आंतल्याहून कोरडी असावी लागते. नारळी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा करणारे हजारों लोक ज्या दमट, उबदार रानांतून चालतात, तेथें या कोटाचा निम्मा गुण वायां जातो. सैल शिवण, बगलेखालीं उघडतां येणारी जागा आणि आंत सुती कापड नसणें, या गोष्टी तेथें किंमतीपेक्षां जास्त उपयोगी पडतात.

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आजही घोंगड्या विकावयास येतात, पण विणणारे हात थोडे उरले आहेत. भरड लोकरीला इतका कमी भाव मिळतो कीं पुष्कळदां कातरणावळही निघत नाहीं. लोहा-कंधारच्या माळावर पावसाळ्यांत मेंढ्यांमागें जाणारा म्हातारा धनगर क्वचित् दिसतो; त्याच्या अंगावर आंत घोंगडी असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा कागद. कागद समोरून उघडाच ठेवलेला असतो.