तळटीप : पैठण

पैठण, म्हणजेच सातवाहनांची राजधानी असलेले गोदातीरावरील प्राचीन प्रतिष्ठान, हे देवस्थान, निसर्ग आणि हस्तकला या तिन्ही कारणांनी पाहावे असे नगर असून, पनवेलकडून निघणाऱ्या प्रवाशाला ते पुणे-अहिल्यानगर मार्गाने गाठता येते. येथील संत एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांचा वाडा गावात आणि समाधी नदीकाठी असून फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, येथे वारकऱ्यांच्या दिंड्या येतात. गावाला लागून असलेला नाथसागर हा १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय होय. त्याच्या उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी उतरतात, मात्र या पाण्याखाली अनेक गावे गेली, हे पर्यटकाने विसरू नये. येथील हस्तकला म्हणजे पैठणी साडी; पैठणीचे खरे मोल तिच्या विणीत आहे : पदरावरील मोर, कमळ वा आसावली, म्हणजे फुलवेल, ही नक्षी भरतकामाची नसून, प्रत्येक रंगाचे रेशीम वेगळ्या छोट्या तिल्लीवर गुंडाळून, आडव्या धाग्यांना शेजारच्या रंगात हाताने अडकवत ती मागावरच उतरवली जाते, त्यामुळे अस्सल पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि एका वस्त्राला कित्येक महिनेही लागू शकतात.  म्हणून पैठणला येणाऱ्याने समाधीच्या दर्शनानंतर लगेच न परतता मागासमोर निवांत बसावे.