दुरुस्तीचं बिल कोणाच्या नावावर? मुंबईच्या भाड्याच्या घरांची शंभर वर्षं

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाचं दुरुस्ती मंडळ मुंबई शहरातल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. दोन दिवस बातम्या होतात, नगरसेवक-आमदार येऊन फोटो काढून जातात आणि मग ठरलेलं भांडण सुरू होतं. भाडेकरू म्हणतात, मालकाने मुद्दाम दुरुस्ती केली नाही, त्याला इमारत पडायलाच हवी आहे. मालक म्हणतो, महिन्याला पन्नास रुपये भाडं देता, त्यात मी प्लास्टर करू की ड्रेनेज बदलू? गंमत अशी की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आज आपल्यापैकी अनेक जण गुंतवणूक म्हणून ठाण्याला किंवा पुण्यात दुसरा फ्लॅट घेतात आणि भाड्याने देतात. १९०० च्या आसपास मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी चाळ म्हणजे नेमकं हेच होतं. कापसात, गिरणीत कमावलेला पैसा चाळीत टाकायचा आणि दरमहा भाडं खायचं. म्हणून तर इतक्या चाळी मालकांच्या नावाने ओळखल्या जातात. १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसवणारी गिरगावातली केशवजी नाईकांची चाळ घ्या, ते नावही एका व्यापाऱ्याचंच. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले. उठवलेली माणसं कुठेतरी राहणारच. खोलीला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

चाळीचं बांधकाम त्या काळाच्या मानाने चांगलं होतं हे कबूल केलं पाहिजे. सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटांचं काम, लाकडी जिना, वर मंगलोरी कौलं, पुढे गॅलरी, टोकाला सामायिक नळ आणि संडास. पण लाकडाच्या घराची एक अट असते, त्याला सतत हात लावावा लागतो. कौलं दर वर्षी चाळावी लागतात, संडासाच्या बाजूची भिंत कोरडी ठेवावी लागते, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतंय का ते बघावं लागतं. चाळ पडते ती बहुतेक वेळा मोरीच्या किंवा संडासाच्या बाजूनेच, कारण पाणी तिथे मुरतं. जोवर भाड्यातून चार पैसे सुटत होते तोवर मालकाचा मेहता वसुलीला यायचा आणि येताना सुतारालाही पाठवायचा. पुण्य म्हणून नव्हे. चाळ टिकली तरच भाडं टिकणार, एवढा साधा हिशोब होता.

पहिल्या महायुद्धात हा हिशोब फिसकटला. महागाई वाढली, शहरात माणसं भरली आणि मालकांनी भाडी मनाला येईल तशी वाढवली. म्हणून १९१८ चा भाडे नियंत्रण कायदा आला. तो युद्धापुरता होता, काही वर्षांनी संपलाही. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच पाळी आली आणि शेवटी १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’. वाढलेला पालिकेचा कर वगैरे सोडला तर त्यापुढे वाढ नाही. भाडेकरूला सहजासहजी काढताही येणार नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, गिरणी कामगार एका खोलीत दहा-दहा जण राहत होते. अशा वेळी हा कायदा नसता तर अर्धी मुंबई रस्त्यावर आली असती. मी या कायद्याला शिव्या देणाऱ्यांतला नाही.

चूक पुढे झाली. तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. भाडं १९४० ला थांबलं, सिमेंट, सागवान आणि गवंड्याची मजुरी थांबली नाही. बरं, दुरुस्तीची जबाबदारी मात्र कायद्याने मालकावरच ठेवली. कागदावर तो नियम आजही आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. ऐकायला छान आहे. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही. महिन्याला पन्नास रुपये भाडं म्हणजे वर्षाचे सहाशे, त्यातून कापायचे दीडशे. सिमेंटची एक गोणीसुद्धा त्यात येत नाही!

मग मालकाने काय केलं? एक तर हात झटकले. दुसरं, पागडी घेतली. भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून बाजारभावाने रक्कम घ्यायचा, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाचा, मग नव्या नावाने पावती. १९४७ च्या कायद्यात हा गुन्हा होता, तरी सगळ्या शहराचा व्यवहार तसाच चालला. म्हणून ‘बिचारे मालक’ ही गोष्ट अर्धीच आहे. पावती बदलताना मालकाने पैसे मोजून घेतले आहेत. आणि ‘फुकटे भाडेकरू’ हीसुद्धा अर्धीच, कारण कित्येकांनी त्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी आयुष्याची कमाई ओतली आहे. पण पागडीचा पैसा काळा, एकरकमी आणि खासगी. त्यातला रुपयाही जिन्याच्या तुळईवर खर्च करायचं बंधन कोणावर नव्हतं.

भाडेकरूने दुरुस्ती केली ती स्वतःच्या चार भिंतींच्या आत. फरशी बदलली, पोटमाळा काढला, खोलीतच मोरी आणि पुढे संडास घेतला, गॅलरीत टाकी चढवली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण शंभर वर्षांच्या लाकडी सांगाड्यावर त्याने वजनही वाढलं आणि पाणीही. खोली चकाचक आणि जिना टेकूवर, हे दृश्य लालबाग-परळपासून भुलेश्वरपर्यंत कुठेही बघा.

इमारती पडायला लागल्यावर सरकार मध्ये आलं. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झालं आणि शहर विभागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. ‘उपकरप्राप्त’ किंवा ‘सेस’ इमारत हा शब्द तिथून आला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या, त्यातल्या १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे हे मंडळ म्हाडात आलं. मंडळाने शेकडो जिने, गॅलऱ्या, संडास सावरले हे नाकारता येणार नाही. पण खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा. अंदाज मर्यादेच्या वर गेला की वरचा पैसा रहिवाशांनी भरायचा, नाहीतर इमारत ‘दुरुस्तीपलीकडे’. आणि मोठ्या कामासाठी खोली रिकामी करायची तर संक्रमण शिबिर. तात्पुरतं म्हणून शिबिरात गेलेल्यांची नातवंडं तिथेच मोठी झाल्याची उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. मग टेकू लावलेल्या घरातून माणूस का हलत नाही, असं विचारायची गरज उरत नाही.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण घातलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारने इमारत संपादित करून त्यांना द्यायची, मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. पन्नास रुपये भाड्याच्या खोलीचे पाच हजार! मालकांची संघटना १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला. प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असं बहुमताने सांगितलं गेलं. बत्तीस वर्षं! तोवर किती पावसाळे गेले ते मोजा.

त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने १९४० चं भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे असं स्पष्ट म्हटलं होतं. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू. भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली. पागडीही कायदेशीर झाली. पण चार टक्के कशाचे? १९४० च्या रकमेचे. २००० मध्ये पन्नास असलेलं भाडं पंचवीस वर्षांनी १३३ रुपये होतं. यात प्लंबर घरी येऊन बघूनही जाणार नाही.

म्हणून आता दुरुस्ती हा विषयच संपला आहे. बोलणं होतं ते पुनर्विकासाचं. खर्च ना मालकाने करायचा, ना भाडेकरूने, ना मंडळाने, तो काढायचा जादा एफएसआयमधून, म्हणजे बिल्डरने. रस्त्यावरचा मोठा प्लॉट असेल तिथे बिल्डर रांग लावतात. गल्लीतल्या अरुंद, दोन-अडीचशे मीटरच्या प्लॉटकडे कोणी फिरकत नाही, आणि धोकादायक यादीत अशीच नावं जास्त असतात. तिथे मालकाचा स्ट्रक्चरल ऑडिट ‘सी-१’ म्हणजे पाडा सांगतो, रहिवाशांचा ऑडिट दुरुस्तीने भागेल म्हणतो, आणि पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निकाल देईपर्यंत आणखी एक पावसाळा येतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडून ३३ माणसं गेली. ती इमारत तर पुनर्विकासाच्या योजनेत होती.

आता ठाण्या-पुण्यातल्या दुसऱ्या फ्लॅटकडे वळू. १९७३ मध्ये सरकारने १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरू करून टाकलं. तेव्हा बसलेला धसका अजून उतरलेला नाही. ‘भाड्याने दिलं की घर गेलं’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात बोललं गेलं आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी निघाली, त्यामागे इतर कारणांबरोबर हा धसकाही आहे. त्यातूनच आपला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार इतका रुजला. नोंदणी सक्तीची, ती केली नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुदत संपल्यावर जागा खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. मालकाची भीती या कराराने बरीच कमी केली.

दुरुस्तीचं मात्र तेच. बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळतंय. राहणारा म्हणतो, अकरा महिन्यांनी मी जाणार, मी कशाला फरशी फोडू? मालक म्हणतो, हा गेला की बघू, काम काढलं तर दोन महिन्यांचं भाडं बुडेल. मध्ये पाणी मुरत राहतं, आणि आरसीसीमधलं लोखंड गंजायला सागवानाइतकीही वर्षं लागत नाहीत. करार काढून बघा. डिपॉझिट, लॉक-इन, नोटीस सगळं आकड्यांत असतं. दुरुस्तीबद्दल एक मोघम ओळ असते, ती वकिलाच्या आधीच्या अशिलाच्या करारातून जशीच्या तशी आलेली. गळती कोणी, किती दिवसांत, कोणाच्या पैशाने थांबवायची आणि त्या दिवसांचं भाडं द्यायचं की नाही, एवढ्या चार गोष्टी तारीख-रकमेसह लिहून घ्यायला कोणता कायदा आड येत नाही.

तुमच्याकडे चाळीतल्या जुन्या भाडेपावत्या असतील, विशेषतः १९४० ते १९७० मधल्या, तर भाड्याची रक्कम आणि दुरुस्ती शेवटची कधी, कोणी केली होती ते खाली लिहा. नाव-पत्ता नको, गल्ली पुरे.