देशांतर

"अक्षांश फुकट देतो, रेखांश मात्र कमवा." कोड्याच्या सुरुवातीलाच हे वाक्य होते. त्याखाली सहा आकडे आणि शेवटी एक ओळ, बस्स. त्या सहा आकड्यांनी आमच्या घरातला एक अख्खा आठवडा खाल्ला, म्हणून आज त्यांच्याविषयी.

ज्यांना जिओकॅशिंग हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती शोधायची. आत एक छोटी वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी ठेवून परत यायचे. बक्षीस वगैरे काही नाही. हा उद्योग सुरू कसा झाला त्याला एक तारीख आहे. अमेरिकी लष्कर पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकून दिले. झाले, खेळ सुरू!

यातलाच एक प्रकार कोड्यांच्या डब्यांचा. तिथे दाखवलेली जागा खोटी असते, खरी जागा कोडे सोडवल्यावर मिळते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने माझ्याकडे लंडनला आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सगळे आयुष्य साखळी, बांध आणि हद्दीचे दगड यांत गेलेले. इथे ते खिडकीत बसून राहायचे. मनगटावरचे घड्याळ भारताच्याच वेळेवर. "बदलायचं कशाला? परत जायचंच आहे," म्हणायचे. दुपारी चार वाजता मी चहा टाकायला उठले की घड्याळाकडे बघून सांगायचे, "साडेआठ झाले. गल्लीतल्या मारुतीची आरती संपली असेल." मला काय बोलावे ते सुचायचे नाही. म्हणून एका रविवारी हे कोडे छापून त्यांच्यासमोर ठेवले.

आकडे असे होते: २°२०' पश्चिम, १७°४०' पूर्व, ३०°२०' पश्चिम, ७७°०३' पूर्व, ७५°४६' पश्चिम, ८०°१५' पश्चिम. आणि खाली: "सहा जण एकाच जागेचा पत्ता सांगत आहेत. रेघ एअरीची धरा, मोजा मात्र तुमच्या फोनने." अक्षांश सरळ लिहून दिला होता.

आता मुळात अक्षांश फुकट का? कारण त्याचा शून्य निसर्गानेच दिला आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तिला ध्रुव आहेत, आणि ध्रुव आहेत म्हणून मध्ये विषुववृत्त आहे. त्यावर कुणी भांडू शकत नाही. उत्तरेकडे धरलेला हात ध्रुवताऱ्यापर्यंत किती वर न्यावा लागतो ते बघितले की तुमचा अक्षांश जवळजवळ मिळाला. रेखांशाचे तसे नाही. पूर्व-पश्चिम दिशेत पृथ्वीवर कुठेही नैसर्गिक सुरुवात नाही. कुणीतरी एक जागा धरून "इथून मोजा" असे म्हणावे लागते. म्हणजे सहा वेगळे आकडे एकाच जागेचे असू शकतात, फक्त सहा जणांचे शून्य वेगळे हवेत.

पहिली गाठ बाबांनी सोडवली. आकडे दिसले की बेरीज करायची ही त्यांची जुनी सवय. "पहिल्या दोघांची बेरीज बरोबर वीस येते बघ," म्हणाले. मी शोधायला बसले आणि उत्तर सापडले. प्राचीन काळी टॉलेमीने त्याला ठाऊक असलेल्या जगाच्या पश्चिम टोकाला, कॅनरी बेटांच्या आसपास, शून्य धरला होता. पुढे १६३४ साली फ्रेंचांनी त्यातल्याच फेरो बेटाची रेघ पक्की केली. पण बेट नेमके कुठे आहे हे मोजणे कठीण, म्हणून सोयीसाठी ठरवून टाकले की फेरो म्हणजे पॅरिसच्या बरोबर २०° पश्चिमेला. आधी बेटावरून पॅरिस मोजायचे, मग पॅरिसवरूनच बेट ठरवले! तर २°२०' पॅरिसवरून आणि १७°४०' फेरोवरून.

तिसरा आकडा रशियाचा, सेंट पीटर्सबर्गजवळच्या पुल्कोवो वेधशाळेवरून मोजलेला. चौथा वॉशिंग्टनचा. १८५० साली अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला होता की खगोलाच्या कामासाठी शून्य वॉशिंग्टनचा आणि जहाजांसाठी ग्रिनिचचा. एकाच देशाचे दोन शून्य.

पाचवा आकडा पाहून मात्र बाबा सरसावून बसले. ७५°४६' म्हणजे उज्जैन. आपल्या सिद्धांतग्रंथांत लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी मध्यरेषा सांगितली आहे. यातली लंका म्हणजे विषुववृत्तावरचा एक मानलेला बिंदू. सगळे ग्रहगणित त्या रेषेसाठी करायचे आणि मग आपल्या गावासाठी त्यात दुरुस्ती करायची. गाव रेषेपासून किती दूर हे कळायला चंद्रग्रहणाचा उपयोग. ग्रहण गणिताने आलेल्या वेळेपेक्षा तुमच्याकडे उशिरा दिसले तर तुम्ही पूर्वेला, लवकर दिसले तर पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे. हे गणित अरबांकडे गेले. तिथे उज्जैनचे 'उझैन' झाले, अरबी लिपीतला एक टिंब गळाला आणि 'अरीन' उरले. मग युरोपातल्या मध्ययुगीन लॅटिन कोष्टकांतही रेखांश या 'अरीन'वरून मोजलेले सापडतात. कोणत्या गावावरून मोजतोय हे मोजणाऱ्यांनाही माहीत नव्हते.

आणि सहावा? "मद्रास," बाबा म्हणाले, "हे मला विचारू नकोस, पाठ आहे." भारताच्या मोठ्या सर्वेक्षणाची सुरुवात १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून केली आणि देशभरच्या नकाशांचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेला टांगलेले होते. त्या वेधशाळेचा ग्रिनिचपासूनचा रेखांश आकाशातले वेध घेऊन काढलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारायंत्राने वेळा ताडून पाहिल्या तेव्हा तो सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरला गेल्याचे निघाले. अडीच मिनिटे म्हणजे आपल्या पुण्याच्या अक्षांशावर चार किलोमीटरहून जास्त. देशभरचे जुने नकाशे आतून एकमेकांशी चोख जुळलेले, फक्त सगळाच्या सगळा देश कागदावर चार किलोमीटर पूर्वेला! जुन्या शीटांवर त्यामुळे तळटीप असायची की रेखांशात अमुक इतकी दुरुस्ती करावी. "पण गंमत बघ," बाबा म्हणाले, "कुणाचा बांध हलला नाही की कुणाचा सातबारा बदलला नाही."

सहाही शून्यांवरून येणारी जागा एकच निघाली, ग्रिनिचची रेघ. उरली शेवटची ओळ.

त्यासाठी आम्ही ग्रिनिचला गेलो. जॉर्ज एअरी याने १८५१ साली तिथे नवी दुर्बीण बसवली आणि तिच्या मध्यातून जाणारी रेघ हाच पुढे जगाचा शून्य ठरला. अंगणात धातूची पट्टी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून लोक फोटो काढून घेत असतात. बाबांनी त्या पट्टीवर उभे राहून फोन हातात धरला. शून्य दिसेना! फोन सांगत होता ०°००.०८९' पश्चिम.

फोन बरोबर होता आणि पट्टीही बरोबर होती. एअरी उभी दिशा ठरवायचा ती पाऱ्याच्या सपाट पृष्ठभागावरून, म्हणजे गुरुत्वाकर्षणावरून. पण पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सगळीकडे सारखे नाही, त्यामुळे ओळंबा नेमका पृथ्वीच्या केंद्राकडे बघत नाही, किंचित कलतो. उपग्रह मात्र केंद्राभोवती फिरतात आणि तिथूनच हिशेब धरतात. २०१५ साली काही शास्त्रज्ञांनी या फरकाचा नीट उलगडा करून दाखवला. फोनचा शून्य पट्टीच्या १०२ मीटर पूर्वेला, बागेतल्या हिरवळीत आहे. तिथे पट्टी नाही आणि फोटो काढणारेही नाहीत. २००० सालापर्यंत लष्कराची भेसळ साधारण एवढ्याच मापाची होती, म्हणजे तेव्हा साध्या जीपीएसने हे अंतर खात्रीने कुणाला सांगताही आले नसते.

तर डबीचा रेखांश ०°००.०८९' पश्चिम. ती कुठे मिळाली ते सांगत नाही, अजून कुणी शोधत असेल. बाबांनी वहीत नाव लिहिले, गावाचे नाव लिहिले आणि वेळ लिहिली ती मनगटावरची. मी काही बोलले नाही.

परतताना त्यांना विचारले की ग्रिनिचलाच शून्य का मिळाला. त्यांनी त्यांच्या कामातले सांगितले. दोन भावांच्या शेताची मोजणी असली की साखळी लगेच टाकायची नाही. आधी एक दगड दोघांकडून कबूल करून घ्यायचा. दगड कबूल नसेल तर मोजणी कितीही चोख करा, निकाल कोणी मानत नाही.

जगाच्या मोजणीचा दगड १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला ठरला. २५ देश होते. २२ जणांनी ग्रिनिचला मत दिले, सॅन डोमिंगोने विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. ग्रिनिचच्या बाजूचा मोठा मुद्दा व्यवहाराचा होता. जगातली जवळजवळ तीन चतुर्थांश जहाजवाहतूक आधीच ग्रिनिचच्या नकाशांवर चालत होती. फ्रान्सने मन मोठे करायला १९११ साल उजाडले, तेव्हाही कायद्यात ग्रिनिचचे नाव नाही. फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ उणे ९ मिनिटे २१ सेकंद, असे लिहिले!

आणि आपण? भारताच्या बाजूने तिथे बसले होते जनरल स्ट्रेची, इंडिया कौन्सिलचे सदस्य. म्हणजे शेत आपले, पण दगड कबूल करायला आपल्याला कुणी बोलावलेच नव्हते. १९०६ च्या १ जानेवारीला ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाण वेळ लागू झाली, तेव्हा ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली मुंबई ३९ मिनिटांनी पुढे ढकलली गेली. गिरणीत जाणाऱ्या माणसाच्या हिशेबात याचा अर्थ रोज ३९ मिनिटे आधी उठणे. मुंबई बिथरली. महापालिकेने आपली वेळ सोडली नाही, ती थेट १९५५ पर्यंत. एकाच शहरात दोन वेळा, अर्धशतकभर. आमच्या आजी-आजोबांच्या मुंबईतल्या लग्नाची पत्रिका घरी आहे, तिच्यात मुहूर्तापुढे कंसात 'स्टँ. टा.' छापले आहे. लहानपणी मला तो कुठल्या देवाचा मंत्र वाटायचा. पाहुण्यांनी कोणत्या घड्याळाने यायचे याची ती सूचना होती.

उज्जैन एकेकाळी जगाचे शून्य होते असे अभिमानाने सांगणारे संदेश हल्ली वरचेवर येतात. मला त्यांतून वेगळेच दिसते. उज्जैन हाही एक कबूल केलेला दगडच होता. मोठेपण दगडाचे नव्हते, इतक्या दूरदूरच्या माणसांनी मिळून तो धरला होता याचे होते. ग्रिनिचचेही तेच. आणि ज्यांना त्या कबुलीत घेतले नाही, ते पॅरिसचे असोत की परळचे, त्यांनी आपापल्या मिनिटांचा हिशेब वर्षानुवर्षे सोडला नाही.

ग्रहगणित मध्यरेषेवरून आपल्या गावावर आणताना करायच्या त्या दुरुस्तीला आपल्या ज्योतिषात एक नाव आहे: देशांतर. आज आपण तोच शब्द गाव सोडून परमुलखात जाण्यासाठी वापरतो. मला जुना अर्थ जास्त आवडायला लागला आहे. त्यात तुमचे गाव चुकीच्या जागी आहे असे कुणी म्हणत नाही. शून्यापासून ते किती दूर, एवढेच विचारायचे आणि तेवढी मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची. बाबा ती मिनिटे मनगटावर घालून फिरत होते, इतकेच.