रुग्णसेवेत कुटुंबाचा सहभाग : प्रशिक्षणाची गरज व स्वरूप

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा अवर्षणप्रवण तालुका. कर्नाटकातील विजयपूर (पूर्वीचे विजापूर) व बेळगाव हे जिल्हे त्याला लागून असून सीमेवरील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. विखुरलेल्या वस्त्या आणि गंभीर आजारासाठी मिरज-सांगलीपर्यंतचा प्रवास, यांमुळे घरी परतलेल्या रुग्णाची शुश्रूषा कुटुंबालाच करावी लागते. त्यासाठी कुटुंबाला तयार करणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम असून त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक असते.

पूर्वपीठिका

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला व गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तीमुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते.

रुग्णालयांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नवजात शिशूंच्या विशेष कक्षात आईवडिलांना हात धुणे, स्तनपान, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणे (कांगारू पद्धत) व घरी घ्यावयाची काळजी शिकवावी, असे त्यांत नमूद आहे.

प्रशिक्षणातील मुख्य बाबी

१. भाषा : सूचना रुग्णाच्या घरच्या भाषेत द्याव्यात. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर तातडीने दवाखाना गाठावा, हे कन्नड भाषक मातेला मराठीत सांगितले व ते उमगले नाही, तर उपचारास विलंब होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकते.

२. खातरजमा : 'समजले का?' या प्रश्नाला बहुधा 'हो' हेच उत्तर मिळते. म्हणून ऐकलेले नातेवाइकांकडून परत वदवून घ्यावे व कृती करून दाखवावयास सांगावे.

३. रुग्णाची संमती : निर्णय सासू किंवा पतीला विचारून परस्पर घेऊ नये. रुग्ण स्त्रीशी एकांतात बोलण्याची सवय कर्मचाऱ्यांना लावावी लागते.

४. मर्यादा : इंजेक्शन, सलाइन यांसारखी कामे परिचारिकेचीच आहेत. मनुष्यबळ अपुरे असल्याने ती नातेवाइकांवर सोपविणे म्हणजे सहभाग नव्हे.

वैद्यकीय अभ्यासक्रमातही २०१९ पासून संवाद व नीतिमूल्ये यांचा समावेश झाला आहे. मात्र रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या परिचारिका, आशा व कक्षसेवक यांनाही हे प्रशिक्षण मिळाले, तरच त्याचा लाभ वस्तीवरील घरापर्यंत पोहोचेल.